नानांच्या हाताचं कोष्टक

नानांनी आधी टिचकी मारली, मग कान लावला.

मुंबईतल्या त्या गारेगार दुकानात गिऱ्हाइकं शेगडीचा रंग बघत, चाकं पुढेमागे करून बघत, शेजारी उभी राहून फोटो काढत. टोपी घातलेला, सत्तरीला टेकलेला माणूस एका हिरव्या चकचकीत शेगडीला कवेत घेऊन तिच्या पोटाला कान लावतोय, हे विक्रेत्याने आजवर पाहिलं नसावं.

"नाय," माझे सासरे म्हणाले. "फुटकी हाय."

"काका, नवीकोरी आहे. कालच खोकं उघडलंय."

"मंग कालच फुटली."

विक्रेत्याने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी झाकणाच्या कडेची जाडी मोजत होते. पर्समधली छोटी विजेरी काढून मी झाकणाच्या आतून उजेड टाकला. धुरांड्याच्या भोकापासून निघालेली, केसाएवढी बारीक चीर कडेपर्यंत आली होती.

"फुटकी आहे," मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि एवढं थेट त्यांनी माझ्याकडे क्वचितच पाहिलं होतं.

मी नागोठण्याजवळ भट्टीच्या विटा बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. विटेवर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकणं हे माझं रोजचं काम. नाना तेच बोटाने करत, मडकी निवडताना. आमच्या दोघांत असं काही समान आहे, हे मला त्या दुकानात कळलं.

शेगडी म्हणजे कमरेएवढं उंच, अंड्याच्या आकाराचं सिरॅमिकचं भांडं. वरचा अर्धा भाग म्हणजे झाकण. खाली हवा आत घ्यायचं सरकतं दार, वर उघडझाप करता येणारं धुरांडं, झाकणात तापमापक, त्याची दांडी आत उतरलेली. आत कोळसा पेटवायचा, जाळीवर पदार्थ ठेवायचा, झाकण लावायचं. दोन्ही तोंडं कमीजास्त करून आच सांभाळायची.

"पत्र्याची घेऊन टाका," माझा नवरा हरेश फोनवर म्हणत होता. "तीन पत्र्याच्या येतील एवढ्यात."

पत्र्यातून उष्णता बाहेर जाते. मग सारखा कोळसा घालावा लागतो, आणि दरवेळी धूर होतो. मी हे त्याला सांगितलं आणि विक्रेत्याला विचारलं, "भिंतीतून उष्णता किती जाते?"

"मॅडम, हिरवा, लाल आणि काळा, तीन रंग आहेत."

"उष्णता."

"अच्छा, ती! पाच तास पेटली तरी बाहेरून हात लावा, मॅडम. भाजणार नाही."

मला हेच हवं होतं. नाना तेव्हा तिसऱ्या शेगडीला टिचक्या मारत होते. ती खणखणीत वाजली. आम्ही तीच घेतली. रंग काळा होता.

ही खरेदी का करावी लागली, ते सांगते. आमची वाडी पोयनाडच्या पुढे. हरेशने तिथे पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. थंडीत शनिवार-रविवारी लोक पोपटी खायला येत आणि पोपटी नाना लावत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाड मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती काटक्या, पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासाने नाना तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारत. पाणी चर्र करून उडालं की झाली पोपटी. चाळीस वर्षांत त्यांची एक पोपटी कच्ची निघाली नाही की करपली नाही, असं गावात म्हणत. नानाही म्हणत.

डिसेंबरात डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो बघितला आणि धूर बंद केला. विडीचा, चुलीचा आणि पोपटीचाही.

हरेशने अलिबागच्या एका हॉटेलातला आचारी बघून ठेवला. नाव विलास नाखवा. "नाना, तुम्ही आता ओट्यावर बसायचं. पाहुण्यांशी गप्पा मारायच्या," हरेश म्हणाला. त्याने हे प्रेमानेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी घरावर देखरेख सुरू केली. चहात आलं जास्त, दोरीवरचे कपडे उलटे, कोंबड्यांना दाणे वेळेच्या आधी. चार दिवसांत सासूबाई टेकीला आल्या.

"यांना कुठंतरी लाव रे," त्या हरेशला म्हणाल्या. "माज्या चुलीवर बसून माज्याच भाकरीचा घेर मोजतायत."

तेव्हा मी या शेगडीबद्दल बोलले. लाकडी कोळसा एकदा नीट पेटला की त्याला धूर जवळजवळ नसतो. पेटवायचं काम आम्ही करू, नानांनी पंधरा मिनिटांनी यायचं. डॉक्टरांनाही विचारून आले.

हरेशने शेवटी एक तोडगा काढला. "येत्या शनिवारी दुपारच्या जेवणाला ठाण्याच्या आठ निवृत्त शिक्षिका येतायत. नाखवालाही मी त्याच दिवशी बोलावलंय. नानांना या अंड्यात पोपटी जमली तर नाखवाला परत पाठवतो. नाही जमली तर नाना, तुम्ही बसायचं. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले, आणि भाकरीचा घेर मोजायचे थांबले.

बुधवारी आम्ही पहिला प्रयोग केला.

मी चौदा सूचना टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून शेगडीच्या स्टँडला बांधल्या होत्या. नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यात पिकत होता, हे मला माहीत होतं. तरी मी सूचना टाइप केल्या. नानांना त्या वाचून दाखवल्या, तेव्हा ते कोळशाचे तुकडे हातात घेऊन तोलत होते.

मडकं आत बसलं. हे मडकं उपडं घालायची गरज नव्हती, चहूबाजूंनी आच मिळणार होती. तोंडात पाला कोंबला, झाकण लावलं आणि मी भाकऱ्या थापायला आत गेले. पोपटी लावणं तसंही पुरुषांचं काम. बायकांनी मडकं भरून द्यायचं आणि मागे सरायचं.

अर्ध्या तासाने नानांनी शिपका मारला. मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"गार हाय अजून. हरेश, खालचं दार उघड जरा."

दहा मिनिटांनी पुन्हा. "अरे, ही त बर्फासारखी हाय. पानी नुस्तं वघळतंय. पुरं उघड!"

माझ्या हातातली भाकरी परातीत राहिली. मी बाहेर धावले. नाना शेगडीच्या काळ्या पोटावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे नाराजीने बघत होते. तापमापकाचा काटा साडेतीनशेच्या पलीकडे टेकला होता.

"झाकण उघडू नका!" मी म्हणाले.

हरेशने त्याच क्षणी झाकण उघडलं. कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली आणि भक्कन एक ज्वाळ वर आली. हरेश मागे उडी मारून नीट उभा राहिला, तेव्हा त्याची डावी भुवई अर्धी होती.

"देवा!" सासूबाई म्हणाल्या. "थांब, हळद लावते." मग जवळून बघून म्हणाल्या, "कातडी शाबूत हाय. केसच गेले."

मडकं तडकलं होतं. शेंगांचा कोळसा झाला होता. कोंबडी होती, असं म्हणायला पुरावा नव्हता.

"झालं समाधान?" हरेश म्हणाला. तो कोणालाच उद्देशून बोलला नाही, पण नाना उठून विहिरीकडे गेले.

मी त्यांच्या मागे गेले. चौदा सूचनांमध्ये एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती. मला ती इतकी उघड वाटली होती की लिहायचं सुचलंच नाही.

"नाना, चूक माझी आहे. या शेगडीची भिंत जाड आहे. आत कितीही तापली तरी बाहेर कळत नाही. म्हणूनच मी ती निवडली."

नाना विहिरीत बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आतल्या गाठीची हाय म्हण की."

"हो."

"तुज्यासारखी."

त्यांच्या मिशीचं एक टोक जरा हललं, तेव्हा मला कळलं की ते हसत होते.

"मंग आतलं कळायचं कसं?"

"तापमापक आहे. काटा."

"काटा मला दिसत नाय. आन हरेशला विचारू, तर पोपटी हरेशनं लावली म्हनतील." त्यांनी जरा विचार केला. "आतली गरमी कुठून तरी निघतच असंल की."

"धुरांड्यातून निघते."

"मंग तिथंच पकडू तिला."

मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली.

गुरुवारी सकाळी कोळसा पेटून धूर गेल्यावर नाना वारा येत होता त्या बाजूला उभे राहिले. तोंड बाजूला वळवून त्यांनी धुरांड्याच्या वर, एक वीत अंतरावर, तळहात धरला आणि मोजायला लागले.

"लाभ... दोन... तीन..."

भात मोजताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. तीच लय, तोच वेग. भात मोजण्यात त्यांनी जन्म घालवला होता, त्यामुळे त्यांचं मोजणं पुढेमागे होत नव्हतं. मी घड्याळ लावून पाहिलं. दहा मापांना दर वेळी अकरा सेकंद.

"...अकरा!" त्यांनी हात ओढला. "लिव."

काटा दीडशेवर होता. मी अकरा लिहिलं. खालचं दार बोटभर उघडलं, थांबलो, पुन्हा मोजलं. काट्यावर किती आहे ते मी त्यांना सांगत नव्हते. कधी आच वाढवत होते, कधी कमी करत होते, कधी तशीच ठेवून पुन्हा हात धरायला सांगत होते.

"आताच त घातला ना हात?"

"पुन्हा घाला."

"भरवसा नाय व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणूनच."

यावर ते खूश झाल्यासारखे दिसले. सासूबाई मधूनमधून येऊन बघत.

"काय चाललंय? कोळसा जाळतायत आन हात शेकतायत. शेकोटीच करायची व्हती त माजी चूल काय वाईट व्हती?"

"तू जा, भाकरी कर," नाना म्हणाले. "घेर कसाबी चालंल."

दोन दिवसांत मी एकतीस नोंदी घेतल्या. वहीत दोन ओळी आखल्या होत्या. एकीवर काटा, दुसरीवर नानांचा हात. दीडशेला अकरा किंवा बारा. दोनशेला सात, नेहमी सात. अडीचशेला चार. साडेतीनशेला "लाभ" म्हणता म्हणता हात मागे. माझ्या प्रयोगशाळेतली दोन उपकरणं याहून जास्त चुकत, आणि त्यांना दर सहा महिन्यांनी दुरुस्तीला पाठवावं लागे.

पोपटीला दोनशे बरं, म्हणजे सात. शुक्रवारी दुपारी आम्ही सातावर तासभर पोपटी लावली. घरातल्या चौघांनी ती खाल्ली आणि कोणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

शनिवारी अकरा वाजता शिक्षिका आल्या. आल्या आल्या त्यांनी आपापसात हजेरी घेतली. बाराच्या सुमारास नाखवा आला. चाळिशीचा, अंगाने भरलेला, पांढरी उंच टोपी पिशवीतून काढून डोक्यावर ठेवत. त्याने शेगडी बघितली, हरेशच्या भुवईकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा दोन पावलं लांब उभा राहिला.

मडकं सासूबाईंनी भरलं. पाहुण्या आठ, त्यातही शिक्षिका. "कमी पडलं असं म्हनायला नको," म्हणत त्यांनी शेंगा दाबल्या आणि वर पाल्याचा असा ढीग रचला की मडक्याने फेटा बांधल्यासारखं दिसायला लागलं. झाकण लावताना हरेशला जरा दाबावं लागलं.

वीस मिनिटांनी नानांनी हात धरला. "लाभ, दोन, तीन, चार, पाच..." हात मागे. "पाच. जास्त झाली. खालचं दार बारीक कर."

हरेश काटा बघत होता. "नाना, शंभर आहे."

"पाच हाय."

"नाना, काटा शंभरावर आहे! काल दोनशे लागत होते. कच्ची राहील."

नाखवा लांबूनच म्हणाला, "शंभरावर कोंबडी काय शिजत नाय, शेठ. आच मोठी करा."

"नानांनी हाच उद्योग बुधवारी केला होता," हरेश माझ्याकडे वळून म्हणाला. "तेव्हा पाण्यावर भरवसा, आज हातावर. दार उघडू का? सांगा लवकर. आठ बाया बसल्यात."

नानांनी हात पुन्हा धुरांड्यावर धरला. या वेळी मनात मोजलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी काट्याकडे बघत होते. मी आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवला होता. माणसांपेक्षा थोडा जास्तच. पण हा काटा मला विचित्र वाटत होता. कोळशाच्या शेगडीत काटा कधी गप्प बसत नाही, वाऱ्याबरोबर पाच-दहा अंश वरखाली होतो. हा दहा मिनिटं शंभरावर चिकटून होता. ना वर, ना खाली.

शंभरावर असं काय थांबतं? ओलं काहीतरी. जोवर त्यातलं पाणी संपत नाही, तोवर ते शंभराच्या वर जात नाही.

सासूबाईंनी रचलेला पाल्याचा फेटा मला आठवला.

"दार बारीक करा," मी म्हणाले.

"तू काट्याच्या विरुद्ध बोलतेस?" हरेशने विचारलं.

"काटा खरं सांगतोय. पण तो शेगडीचं सांगत नाही. तो पाल्यात घुसलाय, पाल्याचं सांगतोय."

"बघू तरी उघडून."

"आत्ता?" मी म्हणाले.

हरेशचा हात आपोआप डाव्या भुवईकडे गेला. तो मागे सरला. मी खाली वाकून दार करंगळीएवढं ठेवलं. पाच मिनिटांनी नानांनी मोजलं.

"लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात." त्यांनी हात काढला आणि शांतपणे पायरीवर बसले.

पुढची चाळीस मिनिटं लांब होती. नानांनी चार वेळा हात धरला, चारही वेळा सात. काटा शंभरावरच. नाखवा वेळ जावा म्हणून कांदे चिरायला लागला. शिक्षिकांपैकी एकीने येऊन विचारलं, "झालं का?" आणि नाना म्हणाले, "घंटा झाली की बोलवतो," तेव्हा त्या खरोखर जाऊन बसल्या.

मग नानांनी मान हलवली. मी झाकण आधी चार बोटंच उचललं, जरा थांबले, मग पूर्ण उघडलं.

भांबुर्ड्याचा वास वाडीभर गेला. झाकणातल्या तापमापकाच्या दांडीवर पाल्याचा एक ओला गोळा टोचून वर आला होता, अजून हिरवट. हरेशने तो काढून हातात धरला आणि लगेच टाकला. पोळला असावा.

मडकं केळीच्या पानांवर पालथं केलं. शेंगा टपटप पडल्या, वाल आत पिवळसर, मऊ. कोंबडी हाडापासून नुसत्या बोटाने सुटत होती. पहिली पाच मिनिटं आठही शिक्षिका गप्प होत्या. त्यातल्या एकीने सांगितलं की चौतीस वर्षांच्या नोकरीत वर्ग असा गप्प तिने पाहिला नव्हता.

दुसरी विज्ञान शिकवत असे. तिने हात पुसून नानांना विचारलं, "नाना, तापमान किती ठेवलंत?"

"सात."

"सात काय?"

"सात म्हंजे सात. सुनबायला विचारा, तिच्या वहीत हाय."

मी वही दाखवली. बाईंनी चष्मा लावून एकतीसच्या एकतीस नोंदी वाचल्या. मग नानांकडे वेगळ्या नजरेने बघून म्हणाल्या, "इतक्या नीट नोंदी मुलं आयुष्यात करत नाहीत." नानांना हे आपल्या हाताचं कौतुक वाटलं, आणि ते होतंही.

जेवणं झाल्यावर नाखवा पुन्हा झाकण लावलेल्या शेगडीजवळ आला. त्याने इकडेतिकडे बघून हळूच धुरांड्यावर हात धरला. "लाभ," तो म्हणाला, "दो... आई गं!" आणि हात झटकत नाचायला लागला. टोपी पडली. शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या.

हरेशने खिशातून फोन काढला, परत ठेवला. "नाखवा, तुम्हाला उगीच एवढ्या लांब..."

"थांब," नाना म्हणाले. त्यांनी नाखवाने चिरलेल्या कांद्यांचं ताट बोटाने हलवून बघितलं. एकसारखे, बारीक. "याला ठेव. पंधरा मानसं आली त कांदे कोन चिरनार, तुजी आई? हात चांगला हाय याचा. सुरीचा."

"आणि शेगडी?"

"शेगडी माजी."

हरेशने हात जोडले. "कबूल. आणि तुम्हाला बरं नसेल त्या दिवशी? नाखवा लावेल ना?"

"नाय." नानांनी माझ्याकडे बोट केलं. "ही."

सासूबाई पानं गोळा करत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या. "बाईमानूस पोपटी लावनार?"

"का? परवापास्नं कोन लावतंय, तुला काय वाटलं?" नाना म्हणाले. "मी त नुस्ता हात धरून उभा व्हतो."

हे त्यांनी सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि पानांचा ढीग हरेशच्या हातात दिला. "मंग हे तू टाक बाहेर. तुज्या बायकोला काम हाय."

"ये," नाना मला म्हणाले. "हात घाल."

"नाना, मला वेळ बघून..."

"घाल."

दुपारची उन्हं कलली होती. शेगडी अजून दोनशेवर होती. मी धुरांड्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरला. अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला, पण तो पहिला चटका मला अजून नीट आठवतो. प्रयोगशाळेत मी रोज बाराशे अंशांच्या भट्टीशेजारी उभी राहायचे, पण तिच्या आणि माझ्यामध्ये नेहमी काच असायची.

"लाभ," मी म्हणाले. "दोन."

हात मागे घेतला. सगळे हसले, विज्ञानाच्या बाईसुद्धा. नाना हसले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"लिव."

"दोनच झाले, नाना."

"मंग दोन लिव. उद्या सकाळी परत मोजू."

मी त्यांच्या ओळीखाली तिसरी ओळ आखली, तिच्यावर माझं नाव घातलं आणि पुढे दोन लिहिलं.